ओसरीचा कुजलेला खांब बदलायचाय? आधी त्याचा तळ बघा

पुण्याच्या पेठांमधल्या जुन्या घरांत ओसरीचे जे लाकडी खांब गेलेले दिसतात ते जवळजवळ सगळे खालून गेलेले असतात, जमिनीपासून वीत-दीड वीत, वरचं सागवान अजून ठणठणीत. आणि तरी लोक काय करतात, तर नवीन खांब आणतात, पॉलिश मारतात, त्याच ओल्या खळग्यात उभा करतात, भोवती सिमेंट थापतात आणि काही पावसाळ्यांनी परत तेच रडगाणं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय. खांब बदलणं हे अर्धंच काम आहे, खांब ज्यावर उभा राहतो ते बदललं नाही तर पैसेही गेले आणि चांगलं लाकूडही गेलं.

आधी कारण समजून घ्या. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला पाणी लागतं, लाकडातला ओलावा साधारण २० टक्क्यांच्या खाली राहिला तर तिला काही करता येत नाही. लाकडाच्या आतल्या नळ्या उभ्या असतात, खांब आडवा कापला की त्यांची तोंडं उघडी पडतात, आणि ती तोंडं ओल्या जागी टेकवली की पाणी आपोआप वर चढतं. जुन्या लोकांना हे पक्कं माहीत होतं म्हणून त्यांनी खांबाखाली काळ्या दगडाचा तळखडा दिला, जमिनीच्या चांगला वर, म्हणजे ओसरी धुतली तरी पाणी दगडाला लागेल, लाकडाला नाही. पुढे काय झालं, तर मूळ जमिनीवर शहाबादी फरशी आली, मग त्यावर कोणीतरी टाइल्स बसवल्या, प्रत्येक वेळी जमीन दीड-दोन इंच वर आली आणि तळखडा बिचारा आत गाडला गेला. आता खांब थेट फरशीतून उगवल्यासारखा दिसतो, रोज सकाळी ओसरी धुतली जाते, कडेला कुंड्या असतात, पागोळ्यांचं पाणी उडतं, आणि वरून ऑइल पेंटचे थर, त्यामुळे आत शिरलेलं पाणी बाहेरही पडत नाही.

तपासणी कशी करायची. रंगावर जाऊ नका, रंग शेवटपर्यंत छान दिसतो. एक मोठा स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि फरशीला लागून चारही बाजूंनी दाबा. चांगल्या सागवानात टोक जेमतेम रुततं. कुजलेल्या खांबात आधी रंगाची पापडी टचकन फुटते आणि मग स्क्रू ड्रायव्हर जवळपास मुठीपर्यंत आत जातो, बाहेर काढला की त्याला ओलसर तपकिरी भुगा चिकटलेला असतो, कुबट वास येतो, आणि लाकडाचे चौकोनी चौकोनी तुकडे बोटानेच सुटतात. आत मातीचे बोगदे दिसले तर ती वाळवी आहे, आणि बारीक गोल भोकं आणि पिठासारखी पांढरट पूड पडत असेल तर भुंगा. तिन्हींचा इलाज वेगळा. वाळवी असेल तर खांब बदलण्याआधी जमिनीतली ट्रीटमेंट करून घ्या, पेस्ट कंट्रोलवाले इमिडाक्लोप्रिड वगैरे वापरतात, ते डब्यावरच्या प्रमाणातच आणि घरात आड किंवा पाण्याची टाकी असेल तर तसं त्यांना आधी सांगून.

खालून वर सरकत हातोडीच्या दांड्याने ठोकत जा. भरीव आवाज आणि पोकळ आवाज यातला फरक कानाला लगेच कळतो. जिथून भरीव आवाज सुरू होतो तिथे खडूने खूण करा. पोकळपणा फूट-सव्वा फुटाच्या आत संपत असेल आणि खांब नक्षीचा असेल तर अख्खा खांब फेकू नका प्लीज, खालचा तुकडा बदलून जोड देता येतो, त्याबद्दल पुढे सांगतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, खांबावर काय आहे ते बघा. नुसतं कौलारू पाखं (उतरतं छप्पर) असेल, म्हणजे तुळई (खांबांवरचं आडवं जाड लाकूड), वासे, रिपा आणि मंगलोरी कौलं, तर काम घरच्या घरी एखादा जाणता सुतार आणि दोन मदतनीस घेऊन होण्यासारखं आहे. पण वर माडी असेल, कडीपाटावर (लाकडी कड्या-फळ्यांच्या मजल्यावर) मातीची भर असेल, किंवा त्या खांबाच्या डोक्यावर वरच्या मजल्याचा खांब उभा असेल तर इथेच थांबा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. वाड्यांमध्ये खांबावर खांब ही नेहमीची रचना आहे आणि मातीच्या भरीचं वजन फार असतं, तिथे अंदाजाने टेकू लावणं म्हणजे जिवाशी खेळ. तसंच वाडा महापालिकेच्या हेरिटेज यादीत असेल तर हात लावण्याआधी हेरिटेज सेलला विचारा, आणि भाडेकरू असाल तर मालकाची लेखी संमती घ्या, नंतरची भांडणं टळतात.

साध्या पाख्याचं वजन किती येतं त्याचा हिशोब मांडून बघा, कारण टेकू त्यावरच ठरतात. समजा दोन खांबांमध्ये आठ फूट अंतर आहे आणि ओसरी सहा फूट खोल. मधल्या खांबावर आठ फूट रुंदीचं पाखं येतं, खोलीपैकी निम्मं वजन भिंत घेते, उरलं तीन फूट आणि पुढे आलेली दीड फुटाची वळचण, म्हणजे ८ गुणिले साडेचार, ३६ चौरस फूट. कौलं, रिपा, वासे धरून चौरस मीटरला ६० किलोच्या आसपास धरा, म्हणजे २०० किलो. ओली कौलं आणि वर चढलेला माणूस धरून दुप्पट पकडा. सेंटरिंगवाल्याकडे भाड्याने मिळणारे लोखंडी जॅक हे वजन आरामात पेलतात, दोन पुरतात, तरी तीन आणा. बांबू किंवा वाशाच्या तुकड्याच्या धिऱ्यावर हे काम करू नका, त्याला इंच-इंच वरखाली करता येत नाही.

दिवस कोणते निवडायचे, तर दिवाळीनंतर ते मार्चपर्यंत. जून ते सप्टेंबर अजिबात नाही, लाकूड फुगलेलं असतं, जमीन ओली असते, आणि पाखं उघडं पडलं तर घरात पाणी. मे महिन्यातही करता येतं, पण पुण्यात वळवाचा पाऊस दुपारी कधी येईल सांगता येत नाही, आणि सोबत वारा असतो.

लाकूड. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटला जा आणि तिथे निवांत वेळ काढा. भाव घनफुटावर असतो. सहा बाय सहा इंचाचा आठ फुटी खांब म्हणजे बरोबर दोन घनफूट, हे डोक्यात ठेवून जा म्हणजे हिशोबात गोंधळ होत नाही. माझं मत स्पष्ट आहे, पाडलेल्या वाड्याचं जुनं सागवान मिळालं तर तेच घ्या. ते वाळून वाळून स्थिर झालेलं असतं, नव्यासारखं पिळत नाही. फक्त आतले खिळे बघून घ्या, नाहीतर करवतीचं पातं जातं, आणि दोन्ही टोकं स्क्रू ड्रायव्हरने तपासा. नवीन घ्यायचं तर सीपी टीक (मध्य भारतातलं सागवान) किंवा बल्लारशाचं मागा, आणि कडेचं पांढरट कच्चं लाकूड असेल तर नको म्हणा, सागवानाची जी ख्याती आहे ती मधल्या गडद भागाची, पांढऱ्या भागाला बुरशी आणि भुंगा दोन्ही लागतात. उभ्या बारीक भेगा चालतात, आडवी किंवा फिरत जाणारी भेग नको. निलगिरी आणि पॅकिंग पेटीचं पाइन कितीही स्वस्त असलं तरी बाहेरच्या खांबाला नको.

सामान फार लागत नाही. ओळंबा, गुण्या, लेव्हल पाइप, करवत, पटाशी, रंधा, पहार, लाकडी पाचरी, गिरमिट किंवा ड्रिल, आणि जॅकखाली-वर द्यायला दोन इंची जाड फळ्या. मास्क आणि चष्मा घ्याच. जुन्या रंगाबद्दल एक इशारा, भारतात घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं भरपूर असू शकतं. म्हणून जुना रंग कोरडा घासू नका, ओला करून खरवडा, पापुद्रे कागदावर गोळा करा, आणि लहान मुलांना तिथे फिरकू देऊ नका.

काम सुरू करण्याआधी मापं. शेजारच्या दोन खांबांवर लेव्हल पाइपने एकाच पातळीच्या पेन्सिल खुणा करा आणि तिथून तुळईपर्यंतची उंची लिहून ठेवा. कुजलेला खांब बहुतेक वेळा खचलेला असतो, त्यामुळे त्याच्याच उंचीचा नवीन कापला तर पाखं तसंच झुकलेलं राहील. पण पन्नास वर्षांत दीड इंच खचलेली तुळई एका दुपारी दीड इंच उचलायचा हट्टही नको, कौलं सरकतात, भिंतीतलं तुळईचं टोक हलतं, भिंतीला भेगा जातात. थोडं वर आलं तर ठीक, नाहीतर आहे त्या पातळीवर राहू द्या. खांबावरून विजेची वायर, इंटरनेटची केबल, बेलचं बटण काही गेलं असेल तर मेन स्विच बंद करून ते आधी मोकळं करा.

आता जॅक. खांबाच्या दोन्ही बाजूंना साधारण दीड फुटावर, तुळईच्या बरोबर मध्याखाली. जॅकच्या डोक्यावर आडवी फळी द्या म्हणजे तुळई चेचली जाणार नाही, आणि पायाखाली दीड फूट बाय दीड फूट जाड फळी. पण त्याआधी फरशी ठोकून बघा. पेशवाईत कात्रजच्या नळाचं पाणी शहरातल्या हौदांमध्ये यायचं, जुन्या वाड्यांत असे हौद आणि आड आहेत, काही ठिकाणी त्यावर नुसत्या फरश्या टाकून जागा बंद केलेली असते. फरशीचा आवाज पोकळ आला तर तिथे जॅक उभा करायचा नाही, जागा बदला. दोन्ही जॅक एकमेकांना तिरक्या पट्टीने बांधून टाका, कारण कोणाचा तरी धक्का लागतोच. खांबावर हस्त असेल, म्हणजे खांब आणि तुळईच्या मधला तो कोरीव आडवा तुकडा, तर जॅक त्याच्या बाहेर लावा आणि हस्ताला सुतळीने तुळईशी बांधा, खांब निघाला की तो खाली येऊ शकतो.

जॅक फिरवताना घाई करायची नाही. एकदा डावा पाव फेरा, एकदा उजवा पाव फेरा, मध्ये थांबून कानोसा घ्या. लाकूड कुरकुरतं, त्याला घाबरू नका, पण कडाड असा आवाज आला तर लगेच थांबा. उचलायचं आहे फक्त दोन-तीन मिलिमीटर. कसं कळणार, तर हॅक्सॉचं सुटं पातं घ्या आणि खांबाच्या डोक्यावर, हस्ताच्या खाली सरकवून बघा. आधी ते शिरतच नाही. मग एका बाजूने थोडं शिरतं, एकेका फेऱ्याने पुढे जातं, आणि कुसाला जाऊन अडतं, कूस म्हणजे खांबाच्या डोक्यावरचा तो चौकोनी खुंट जो वरच्या भोकात बसलेला असतो. कुसाच्या चारही बाजूंनी पातं सहज फिरलं की खांबावर वजन उरलेलं नाही. त्यानंतर जॅकला हात लावू नका, आणि तास-दोन तास तसंच सोडून कौलांवर, भिंतीवर एक नजर टाका.

खांब काढताना अख्खा ओढायचा प्रयत्न करू नका, कूस अडकलेली असते. मधोमध करवतीने कापा, दोन तिरके काप देऊन पाचरीसारखा तुकडा बाहेर काढा, म्हणजे खालचा आणि वरचा भाग दोन्ही मोकळे होतात. खालचा पहारीने निघतो, वरचा हलवत हलवत खाली उतरवा, खाली एकाने धरलेलंच असू दे. नक्षीचा खांब वाचवायचा असेल तर हा मधला काप अर्थातच द्यायचा नाही, खडूच्या खुणेवर फूटभर वर जाऊन तिथून खालचा भाग काढायचा.

आता खळगा उघडा पडेल आणि खरं कारण समोर दिसेल. भोवतीचं सिमेंट फोडा, ओला भुगा सगळा काढा, जुना तळखडा सापडेपर्यंत खणा. बऱ्याचदा तो छान शाबूत असतो, फक्त दोन-चार इंच खाली गेलेला. तो काढून वर घ्या. खाली मुरूम लागला तर उत्तम. काळी माती लागली तर ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, खांब खचण्याचं मूळ तिथेच असतं, म्हणून मुरुमापर्यंत खणून काँक्रीट भरा, निदान दीड-दोन फूट. त्यावर तळखडा असा बसवा की त्याचा माथा आताच्या फरशीच्या चार इंच तरी वर येईल, सहा आला तर आणखी चांगलं. जुना दगड बुटका असेल तर पाथरवटाकडून दहा बाय दहा इंचाचा काळा दगड घडवून घ्या, माथ्याला मधून चारही बाजूंना हलका उतार द्यायला सांगा. मसाल्यात बसवल्यावर सात दिवस पाणी मारा आणि जॅकला तोपर्यंत हात नाही. या सात दिवसांची लोकांना फार घाई असते, पण हाच दगड पुढची कित्येक वर्षं सगळं वजन घेणार आहे.

दगड आणि लाकूड यांच्या मध्ये मी लोखंडी बूट घालायला सांगेन. जुन्या पद्धतीत खांबाला खालीही कूस असायची आणि ती दगडातल्या भोकात बसायची, ते भोक पाण्याने भरायचं. त्याऐवजी फॅब्रिकेशनवाल्याकडून एक पाच इंची चौरस, सहा मिलिमीटर जाड प्लेट करून घ्या, तिच्या मधोमध उभी पट्टी वेल्ड केलेली, चार-पाच इंच उंच. स्टेनलेस ३०४ ची केली तर सोन्याहून पिवळं, नाहीतर वेल्डिंग झाल्यावर गरम गॅल्व्हनाइझ (जस्ताचा लेप) करून घ्या. ही प्लेट दगडाला दोन अँकर बोल्टने पक्की करायची, खांबाच्या तळाला पट्टीच्या मापाची खाच पाडायची, आणि आरपार १२ मिलिमीटरचा बोल्ट. खांबाचा तळ आणि प्लेट यांच्यात स्टेनलेसच्या चकत्या देऊन आठ-दहा मिलिमीटर फट ठेवा, तिथून हवा खेळते आणि पाणी थांबत नाही. मुळात या सगळ्या खटाटोपाचा गाभा ही फट आहे. ती सिलिकॉन किंवा सिमेंटने बुजवू नका, सुतार म्हणाला तरी नाही.

खांबाचं माप दगड पक्का झाल्यावरच घ्या, आधी नाही. वरची कूस एक इंच पुरते, तिच्या कडा रंध्याने मारून घ्या. आत कसा घालायचा हा प्रश्न सगळ्यांना पडतो, कारण वर तुळई, खाली पट्टी. खांब तिरका धरून आधी डोकं वर घालायचं आणि मग पाय आत सरकवायचा, म्हणून पट्टी त्याच दिशेला हवी ज्या दिशेने पाय सरकणार, बूट बसवतानाच हे ठरवा. आणि तिरका खांब सरळ होताना त्याची कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतची लांबी अडते, सहा इंची आणि साडेसात फुटी खांबाला हा फरक पाच मिलिमीटर येतो, पण चकत्यांसाठी तुम्ही आठ-दहा मिलिमीटर आधीच सोडलेले असतात त्यामुळे तो निघून जातो. खांब उभा झाला की चकत्या खालून सरकवायच्या.

उभा करण्याआधी तळाच्या कापाला बेलतेल (उकळलेलं जवसाचं तेल) पाजा, पितं तेवढं, दोन-तीन हात, मध्ये वाळू देऊन. बोल्टची भोकं आणि खाच आतूनही. डांबर फासू नका, लाकडात आधीच असलेली ओल ते कोंडून ठेवतं. बोरॅक्स-बोरिक ॲसिडचं पाणी बुरशी आणि किड्यांवर चांगलं आहे पण पावसात धुऊन जातं, त्यामुळे आडोशाला असलेल्या भागातच द्या, पूर्ण वाळू द्या आणि वरून तेल. तेलाच्या चिंध्यांबद्दल मात्र कळकळीने सांगतो, चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना गरम होतं आणि चिंध्यांचा बोळा आपोआप पेटू शकतो. अंगणात पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवा.

खांब ओळंब्यात आणताना दोन लागोपाठच्या बाजू बघा, एक बघून भागत नाही. मग बोल्ट आवळा आणि जॅक उतरवा, परत तसेच पाव-पाव फेरे आलटून पालटून. वजन खांबावर आलं की जॅक लगेच काढू नका, हाताने हलतील इतके सैल करून एक रात्र राहू द्या. सकाळी ओळंबा परत लावा.

जोड द्यायचा असेल तर खांबाच्या रुंदीच्या निदान तिप्पट लांबीचा, अर्धं लाकूड वरचं आणि अर्धं खालचं असा, सहा इंची खांबाला दीड फूट, आणि दोन किंवा तीन बोल्ट. बाहेरून दिसणारी जोडरेघ अशी उतरती ठेवा की पाणी आत न जाता बाहेर पडेल. जुनं आणि नवं लाकूड एकाच जातीचं हवं. हे काम सुताराच्या हातावर आहे, त्याने आधी केलेला जोड बघितल्याशिवाय नक्षीचा खांब त्याच्या हवाली करू नका.

राहिलं पाण्याचं. पन्हळ दुरुस्त करा, ओसरीच्या फरशीला बाहेरच्या बाजूला उतार आहे का ते बादलीभर पाणी ओतून बघा, पाच फुटांना एक इंच पुरतो. कुंड्या खांबापासून हातभर लांब. ओसरी पाइपने धुण्याऐवजी पुसून घेतली तर चांगलंच. दर मे महिन्यात आणि पाऊस संपल्यावर ऑक्टोबरमध्ये फटीतला कचरा जुन्या टूथब्रशने काढा, स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा आणि तळाला तेलाचा एक हात द्या.

निघालेल्या जुन्या लाकडाचा कुजका आणि वाळवीचा भाग त्याच दिवशी घराबाहेर जाऊ द्या, भिंतीला टेकवून ठेवला तर वाळवीला तिथूनच वाट मिळते. वरचा चांगला भाग मात्र रद्दीच्या भावात देऊ नका, त्याच्या पाचरी, बोल्टच्या भोकांचे ठोकळे, शेजारच्या खांबाच्या जोडाला लागणारा तुकडा, सगळं त्यातून निघतं, आणि एक खांब गेलाय म्हणजे बाकीच्यांचे तळही याच आठवड्यात टोचून बघायला हवेत, जॅक भाड्याने आणलेलेच आहेत.